कवटीचे माप आणि माणसाचे मोल



शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला एक वाक्य वारंवार ऐकावे लागते. वीटभट्टीचा मालक ते बोलतो, सावकार बोलतो, कचेरीतला कारकून बोलतो, शाळेतला एखादा शिक्षकही बोलतो. आणि भीड न बाळगता सांगायचे तर स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतूनही ते ऐकू येते. ‘कातकरी म्हणजे असेच. त्यांच्या रक्तातच ते आहे.’ हातात पैसा आला की उडवायचा, उद्याची चिंता करायची नाही, पोर शाळेत टिकू द्यायचे नाही, एका जागी राहायचे नाही, हे सारे दोष एका संपूर्ण जमातीच्या जन्माला चिकटवले की बोलणाऱ्याचे समाधान होते आणि पुढे विचार करण्याची गरज उरत नाही.

आजच्या भाषणाचा विषय हे वाक्य आहे. ते कोठून आले, शास्त्राच्या नावाने त्याला प्रतिष्ठा कशी मिळाली, त्याचे खंडन करण्यासाठी महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनी कोणते कष्ट घेतले, आणि ते खंडन ग्रंथालयांतच राहून पाड्यावर का पोचले नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रक्ताचा हिशेब आणि भट्टीचा हिशेब

हे वाक्य ज्या जमिनीवर उभे आहे ती प्रथम पाहिली पाहिजे. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तरी शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी या येथल्या प्रमुख आदिवासी जमाती. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण शहापुरात आहे, भातसा धरणही तेथेच आहे. या धरणांचे पाणी नळांतून मुंबईच्या घराघरांत जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. पाणी वाहते कोणाकडे हे येथे उताराने ठरत नाही, सत्तेने ठरते. माणसाची पत ठरवण्याची रीतही फारशी निराळी नाही.

कातकऱ्यांचे नाव कातावरून पडले. खैराचे लाकूड उकळून कात काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला, खैर सरकारचा झाला, आणि जे कालपर्यंत कौशल्य होते ते चोरी ठरले. पुढे कोळसा पाडण्याचे काम आले, तेही गेले. शेतजमीन बहुतेकांकडे नव्हतीच. अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. ज्याच्या झोपडीखालची जमीन त्याची नाही, त्याने दारात आंब्याचे रोप लावले नाही म्हणून त्याला अस्थिर वृत्तीचा म्हणणे हा कोणता न्याय आहे?

आता भट्टीचा हिशेब पाहा. पावसाळा सरता सरता घरातले धान्य संपलेले असते. अशा वेळी मालकाचा माणूस येतो आणि उचल देतो. कोणाला ती पोटासाठी हवी असते, कोणाला आजारपणासाठी, कोणाला लग्नासाठी. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडाशी परत येते. मजुरी हजार विटांच्या दराने. पहाटेच्या आधीपासून नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुले राबतात, पण हिशेबात नाव एकट्या नवऱ्याचे. आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते. वही मालकाच्या हातात. हंगाम संपला की उचल आणि खर्ची वजा करून बाकी सांगितली जाते. बाकी मजुराकडे निघाली तर ती पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते.

या व्यवस्थेत काटकसर करणाऱ्या मजुराचे काय होईल? त्याने खर्ची कमी घेतली, पोट मारले, तर त्याच्या पदरी शिल्लक पडत नाही; मालकाची बाकी तेवढी लवकर फिटते, आणि पावसाळा आला की त्याच उचलीसाठी त्याच दारात उभे राहणे त्याला चुकत नाही. जी बचत आपली होणार नाही ती करण्याचे कारण काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही विचारील. ‘उद्याची चिंता न करणे’ हा स्वभावाचा दोष नाही. ज्याचा उद्या आधीच गहाण पडला आहे त्याची ती वाजवी वागणूक आहे. दलाल स्ट्रीटवरच्या व्यापाऱ्याला या जागी आणून बसवला, तर दोन हंगामांत तोही असाच वागेल.

जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेऊन त्यापायी गुलाम झालेल्या आदिवासीला ‘लग्नगडी’ असे नाव होते. गोदावरी परुळेकरांनी १९४५ च्या वारली उठावाची हकीकत सांगताना या लग्नगड्यांचे जिणे मराठी वाचकांपुढे ठेवले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बेकायदा ठरली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करवून घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. कायदा स्पष्ट आहे. परंतु कायदा अमलात आणणाऱ्या हाताला जोवर वाटते की हे लोक मुळातच असे आहेत, तोवर तो हात फायलीवरून पुढे सरकत नाही. म्हणून हे वाक्य निरुपद्रवी नाही. भट्टीच्या हिशेबाला लागणारे ते वंगण आहे.

शास्त्राने दिलेली सनद

हे वाक्य अडाणीपणातून आले, असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत प्रतिष्ठित विद्वानांनी त्याला सनद दिली. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मूल जन्मताच गुन्हेगार, हे तत्त्व त्याने कायद्याच्या पुस्तकात घातले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. त्यातील कल्पना मात्र पोलीस ठाण्यांतून अजून निवृत्त झालेली नाही. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाची लांबी-रुंदी मोजण्याची मोहीमच चालवली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धान्त होता. याच हिशेबात त्यांनी मराठ्यांना शक-द्राविड ठरवले. शतकानुशतके मनुस्मृतीने जे सांगितले तेच आता पट्टी आणि कंपास घेऊन सांगितले जाऊ लागले, आणि आपल्याकडच्या वरिष्ठ वर्गाला ते गोड वाटले यात नवल नाही. आपण युरोपीयांचे भाऊबंद आहोत हे साहेबानेच प्रमाणपत्र देऊन सांगितले होते.

या शास्त्राची राजधानी होती जर्मनी. बर्लिनच्या डाह्लेम भागात १९२७ साली मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. १९०४ ते १९०८ या काळात जर्मनांनी नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, हेरेरो आणि नामा या जमातींचा संहार केला. त्याच वसाहतीत जाऊन फिशर यांनी गोऱ्या-काळ्यांच्या संकरातून झालेल्या रेहोबोथच्या लोकांची मोजमापे घेतली आणि १९१३ साली ग्रंथ लिहून नाव मिळवले. पुढे याच संस्थेतील तज्ज्ञांनी नाझी राजवटीला वंशाचे दाखले पुरवले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील मिश्र वंशाच्या कृष्णवर्णीय मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले, त्यातही फिशर यांचा हात होता. आउशवित्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने याच संस्थेकडे येत असत. शास्त्र तटस्थ असते असे मानणाऱ्यांनी डाह्लेमचा इतिहास अवश्य वाचावा.

एका मराठी विद्यार्थिनीची १४९ मापे

या संस्थेत १९२८ साली पुण्याहून एक विद्यार्थिनी दाखल झाली. तिचे नाव इरावती कर्वे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे शिक्षण, मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम. ए., आणि महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर कर्वे यांच्याशी विवाह. संशोधनासाठी फिशर यांनी दिलेला विषय होता मानवी कवटीची असमता. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक वाढलेला असतो, त्यामुळे त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हेच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह, असे फिशर यांचे गृहीत होते. विद्यार्थिनीने ते सिद्ध करावयाचे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय माणसांच्या जशा होत्या, तशा वसाहतींतून जर्मनीत आणलेल्याही होत्या. त्या कवट्या कोणत्या कत्तलीतून वा कोणत्या उकरलेल्या थडग्यातून आल्या असतील याची कल्पना करणे अवघड नाही. मापे घेऊन झाल्यावर निष्कर्ष निघाला तो असा की, कवटीची असमता सर्वत्र आढळते, पण वंशाशी तिचा काही संबंध लागत नाही. परक्या देशात, विद्यार्थिदशेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून होती त्या गुरूचे गृहीत तिने त्याच्याच प्रयोगशाळेत, त्याच्याच पट्टीने खोटे ठरवले आणि तसे लिहून दिले. गुरूने तिला उत्तीर्ण होण्यापुरतीच श्रेणी दिली, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या इंग्रजी चरित्रात नमूद आहे. १९३१ साली हा प्रबंध छापला गेला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला.

मराठी वाचकाला इरावतीबाई माहीत आहेत त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. पंढरीच्या वाटेवरचे त्यांचे लेखन घरोघर वाचले गेले. परंतु डाह्लेमच्या त्या १४९ मापांविषयी आपल्याकडे बरीच वर्षे कोणी बोलले नाही. या कामाचा पुढचा धागा त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चालू ठेवला. १९३९ पासून १९७० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथे काम केले. १९५१ साली त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील जातिजमातींच्या शरीरमापनाचा ग्रंथ सिद्ध केला. दारिद्र्यरेषेच्या अभ्यासामुळे पुढे सर्वतोमुखी झालेले अर्थशास्त्रज्ञ दांडेकर ते हेच. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटसमूहांची जीवशास्त्रीय तुलना केली. एकाच दर्जाच्या म्हणून एका नावाखाली मोडणाऱ्या या समूहांत आपापसांत लक्षणीय फरक आढळले. ब्राह्मण नावाचा एक शुद्ध वंश असून त्याच्या फांद्या झाल्या, ही समजूत त्यामुळे ढासळली. जात म्हणजे आपापसांत सोयरीक करणारा नातेवाइकांचा गट. असे अनेक गट शेजारी शेजारी राहिले आणि त्यांची उतरंड रचली गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल. गुरूचा निष्कर्ष बाईंनी नाकारला, पण मोजपट्टी टाकून दिली नाही. वंशाची परिभाषा त्यांच्या लेखनात बराच काळ राहिली. मापासाठी समोर उभा केलेला आदिवासी किती उंच आहे याची नोंद झाली. तो कोणाचा किती देणेकरी आहे याची नोंद त्या तक्त्यांत नव्हती. शेवटच्या वर्षांत मात्र त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली आणि १९६९ साली ती जाई निंबकर यांच्यासह प्रसिद्ध झाली. कवटीपासून सुरू झालेला हा अभ्यास अखेर बुडालेल्या गावापाशी पोचला. भातसा किंवा बारवीच्या जलाशयात ज्यांची शेते गेली त्यांना या प्रवासाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मापांचे हे हत्यार शत्रूवरच उलटवण्याचे काम डॉ. आंबेडकरांनीही केले. ते १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे त्या वेळी फ्रान्झ बोआस मानववंशशास्त्र शिकवीत असत. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकारही आईबापांहून बदलतो, हे बोआस यांनी सुमारे अठरा हजार माणसांच्या मापांवरून दाखवले होते. बाबासाहेबांनी १९१६ साली जातिसंस्थेवरचा आपला पहिला निबंध वाचला तो बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या वर्गात. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी विचारले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा भेद कोठे आहे? आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरच्या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे पुढे मांडून त्यांनी दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगळ्या वंशांचे ठरवता येत नाही. जात वंशातून निघाली नाही, म्हणजे ती माणसांनी रचली. आणि माणसांनी रचलेले माणसांना मोडता येते.

अमेरिकेतील शेजारी

येथवर शास्त्राची गोष्ट झाली. पण एखाद्या माणसाची कवटी इतरांसारखीच आहे हे सिद्ध केल्याने त्याच्या कवटीत काय चालले आहे ते कळत नाही. ते काम साहित्याचे. त्यासाठी महाराष्ट्राने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडे पाहिले, आणि हे पाहणे फार जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी तिथल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉईस हे बर्लिनला अर्थशास्त्र शिकून आलेले पंडित. १८९९ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीचा ग्रंथ लिहिला तो स्वतः घरोघर हिंडून. भाडे, मजुरी, कामधंदा, आजार यांचे तक्ते मांडून त्यांनी सांगितले की या वस्तीची जी दैना आहे तिचे कारण वंशात नाही, परिस्थितीत आहे. कार्यकर्त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवावा असा तो अभ्यास आहे.

मराठीत हे साहित्य आणण्याचे श्रेय मराठवाड्याकडे जाते. अमेरिकेत साहित्याचा अभ्यास करून आलेले डॉ. म. ना. वानखेडे औरंगाबादच्या नागसेनवनात निग्रो लेखकांविषयी दलित तरुणांशी बोलू लागले. त्या परिसरातून ‘अस्मिता’ आणि मग गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. चळवळीच्या या धगीबरोबरच एका प्राध्यापकाचे शांत, दीर्घ अध्ययनही चालू होते. डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि पुढे राज्यसभेचे सदस्य. अमेरिकन निग्रो कादंबरीतील अस्मितेचा प्रश्न हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९७८ साली त्यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘निग्रो’ हा शब्द तेव्हा रूढ होता. आज ‘कृष्णवर्णीय’ म्हणणे उचित. हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला असता तर विद्यापीठीय जगात त्याचा अधिक बोलबाला झाला असता. तो मराठीत लिहिला गेला म्हणून तो जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या गावी, वसतिगृहातल्या मुलाच्या हातात पडू शकला. ज्ञान कोणत्या भाषेत मांडायचे हा निर्णयही राजकीय असतो.

या साहित्यातून काय मिळते? रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी १९४० ची. तिचा नायक शिकागोच्या काळ्या वस्तीतला पोरगा आहे आणि त्याच्या हातून खून होतो. लेखक त्याला निर्दोष म्हणत नाही; पण असा माणूस घडवणारे घरभाडे, भीती आणि कोंडी तो वाचकापुढे अशी उभी करतो की जन्मजात गुन्हेगारीची भाषा गळून पडते. राल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या ‘इनव्हिजिबल मॅन’ या कादंबरीतील निवेदकाला नावच नाही. तो अदृश्य आहे, कारण समोरचे लोक त्याला पाहायला तयार नाहीत. कल्याण, भिवंडी, मुंबई येथे ज्या विटांच्या इमारती उभ्या आहेत त्या विटा थापणाऱ्याला पाहिल्याचे किती रहिवासी सांगू शकतील? दलित साहित्याने ही अदृश्यता आपल्यापुरती फोडली. आदिवासींत वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम यांसारखे कवी पुढे आले. कातकरी बोलीत मात्र लिहिता लेखक क्वचितच दिसतो. जोवर कातकऱ्यांविषयी सर्व काही इतरच लिहितात, तोवर ‘रक्तातच आहे’ या वाक्याला आतून उत्तर मिळणार नाही.

येथे डॉ. लोहियांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इरावतीबाई बर्लिनला असतानाच लोहियाही तेथे विद्यार्थी म्हणून गेले होते. कातडीच्या रंगावर उभारलेल्या विषमतेविरुद्धचा लढा त्यांनी आपल्या सप्तक्रांतीत घातला. १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपीतील जॅक्सन शहरी एका उपाहारगृहाने त्यांना रंगावरून प्रवेश नाकारला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेथेच गेले आणि अटक करून घेतली. परदेशी पाहुणा म्हणून अमेरिकन सरकारने दिलगिरी दाखवली, तेव्हा हा अपमान आपल्या एकट्याचा नाही असे त्यांनी त्यांना सुनावले. कार्यकर्त्याने यातून एवढेच घ्यावे की जॅक्सनचा दरवाजा आणि मुरबाडच्या हॉटेलातला वेगळा कप यांचा विचार एकत्र करावयाचा असतो.

जुने वाक्य, नवे कपडे

आता वंशशास्त्र संपले, असे कोणी म्हणेल. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की मानवांतील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के प्रत्येक लोकसमूहाच्या आतच असते. तरीही जुनी कल्पना नवे कपडे घालून येते. सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्यावे. १९१० साली शिकागोत तो प्रथम नोंदला गेला आणि अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे ‘काळ्यांच्या रक्ताचा रोग’ म्हणून ओळखला गेला. १९५२ साली तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. महाराष्ट्रात सातपुड्यातील भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत आणि विदर्भातील अनेक बिगर-आदिवासी जातींतही तो आहे. रंगाशी त्याचे नाते नाही. जिथे मलेरियाने शतकानुशतके माणसे मारली तिथे हा गुण टिकला, कारण एका बाजूचा वारसा मलेरियापासून संरक्षण देतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. ही तपासणी आवश्यक आहे आणि कार्यकर्त्यांनी तिला साह्य करावे. पण पाड्यावर वाटलेले कार्ड लग्न मोडण्याचे आणि ‘यांचे रक्तच खराब’ म्हणण्याचे साधन होणार नाही, यावर पहाराही त्यांनीच ठेवला पाहिजे.

कार्यकर्त्यांचे काम

मग करायचे काय? या भागातला इतिहास आत्मविश्वास देणारा आहे. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. कोतवाल नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. रिस्ले यांच्या तक्त्यात या माणसाच्या शौर्याला कोठे रकाना होता?

पहिले काम घरचे आहे. संघटनेच्या बैठकीत, प्रवासात, चहाच्या टपरीवर हे वाक्य उच्चारले गेले तर ते हसण्यावारी नेऊ नये. आदिवासींचे कैवारी म्हणून बोलायचे आणि मनात त्यांना जन्मतः कमी लेखायचे, हा दुटप्पीपणा समोरच्या माणसाला ताबडतोब कळतो. सभेला कातकरी का येत नाहीत या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे.

दुसरे काम वहीचे. मालकाच्या वहीसमोर मजुराची वही उभी राहिली पाहिजे. दिवाळीच्या आधी उचल किती घेतली, हंगामात किती हजार विटा पाडल्या, दर काय ठरला, खर्ची किती मिळाली, घरातले किती हात किती तास राबले, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक कुटुंबागणिक लिहून ठेवाव्यात. वाडीतली शाळा शिकलेली मुलगी हे सहज करू शकेल. या आकड्यांना त्या दिवशीच्या किमान वेतनाने गुणले की वेठबिगारीचा पुरावा आपोआप तयार होतो, आणि १९७६ च्या कायद्याखाली अधिकाऱ्याला तो बाजूला सारता येत नाही. ड्युबॉईस यांनी फिलाडेल्फियात जे केले ते शहापुरात अशक्य नाही.

तिसरे काम घराखालच्या जमिनीचे. केंद्र सरकारने महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. योजना येतात, घरकुले मंजूर होतात, आणि जागा नावावर नाही किंवा जातीचा दाखला नाही म्हणून ती कागदावर राहतात. प्रत्येक वाडीची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे कोणते दावे पडून आहेत, याची यादी तालुक्याच्या कार्यालयात असली पाहिजे.

चौथे काम सर्वांत हळू होणारे आहे. भट्टीवर गेलेल्या मुलांची शाळा सुटू न देणे, आणि जी मुले टिकतील त्यांना स्वतःच्या बोलीत लिहू देणे. आजीने सांगितलेली जंगलाची नावे, कंदांच्या जाती, नदीतल्या माशांच्या वेळा, भट्टीवरची रात्र, हे त्यांनी लिहावे आणि ते याच अंकाच्या पानांवर छापले जावे. भाषा सुधारून देण्याचा मोह संपादकांनी आवरावा.

दिवाळीपूर्वी उचलीचे वाटप सुरू होते. त्याआधी दोन्ही तालुक्यांतील निदान काही वाड्यांत या वह्या पोचल्या पाहिजेत, म्हणजे भट्ट्या थंडावतील तेव्हा हिशेब मांडताना मजुराच्या हातातही एक कागद असेल.